सड्यावरचा बर्फ, कणकुंबीचा पाऊस

बेळगावची माणसे गोव्याला जातात ती समुद्रासाठी, नाहीतर मंगेशी-शांतादुर्गेच्या दर्शनासाठी. वास्कोला मुक्काम पडतो तो तिथे कुणी नातेवाईक असेल तरच. आमचे साडूभाऊ तिथे गोदीत नोकरीला, त्यामुळे वास्को आम्हाला घरचे. पाहुणे आले की संध्याकाळी ते त्यांना सड्यावर नेतात. मुरगावच्या टोकाचा हा उंचवटा. कागदोपत्री नाव हेडलँड सडा. वर जपानी बाग, खाली मुरगाव बंदर, नांगर टाकून उभी असलेली जहाजे, आणि जुवारीच्या मुखापलीकडे दोनापावलाचे टोक. वारा इतका की बोललेले ऐकू येत नाही.

याच सड्यावर एक सरकारी संस्था आहे. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. २०१८ पर्यंत तिच्या नावात अंटार्क्टिक हा शब्द होता. आत जायला परवानगी लागते आणि आम्ही तर घरगुती सहलीला आलेलो, तेव्हा फाटक बाहेरूनच पाहिले. पण त्या फाटकाच्या आत, गोव्याच्या घामट हवेत, उणे वीस अंशांच्या आसपास ठेवलेल्या खोल्या आहेत आणि त्यांत अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे लांब दंडगोल आहेत, हे मला ठाऊक होते. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला अशा ठिकाणी गप्प बसवत नाही. मी सांगायला लागलो.

ही गोष्ट २०२३ च्या जूनमधली. त्या वर्षी मान्सून केरळातच ८ जूनला पोहोचला, म्हणजे आठवडाभर उशिरा, आणि पुढेही रेंगाळला. माझे सासरे (आम्ही त्यांना मामा म्हणतो) बैलहोंगल तालुक्यातले शेतकरी. कानडी बोलणारे, मराठी सगळी समजणारे. जमीन नांगरून तयार होती, बी घरात येऊन पडले होते आणि आभाळ कोरडे होते. घरी बसून आभाळाकडे बघत राहण्यापेक्षा चार दिवस लेकीकडे चला, असे म्हणून धाकट्या मुलीने त्यांना वास्कोला बोलावले, म्हणून आम्ही सगळेच निघालो. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी असा रस्ता. कणकुंबीला झिमझिम लागली, चोर्ल्याला धुके. मामा गाडीच्या काचेला नाक लावून बघत होते. त्यांच्या शेतापासून दीड-दोन तासांच्या वाटेवर पाऊस पडत होता आणि शेतात नव्हता.

सड्यावर माझे बोलणे ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो रास्त होता. "बर्फ याक तंदार इल्लि?" एवढ्या लांबून बर्फ कशाला आणायचा? बर्फ तर मासळीबाजारात मिळतो!

सांगतो. पण आधी शब्दांचे. आपल्या दोन्ही भाषांना बर्फाची फारशी गरज पडलेली नाही. मराठीत आभाळातून भुरभुरणारा तोही बर्फ आणि रसवंतीवाल्याचा तोही बर्फच. कानडीत मंजु म्हणजे धुकेही आणि हिमही. इथे मात्र फरक करावा लागतो. ध्रुवाकडे हिम पडते ते वितळत नाही. पुढच्या वर्षीचे त्याच्यावर पडते, त्याच्या पुढच्या वर्षीचे त्याच्यावर. वजनाने खालचे थर दाबले जातात आणि साधारण साठ ते शंभर मीटर खोलीवर त्याचा घट्ट बर्फ बनतो. हिमाच्या कणांमधली हवा बुडबुड्यांच्या रूपाने आतच कोंडली जाते. पोकळ दंडगोल यंत्राने वरून खाली छेद घेत गेले की एकावर एक रचलेली वर्षे हाती येतात, वरची अलीकडची, खालची जुनी. सड्यावरच्या संस्थेने अंटार्क्टिकाच्या क्वीन मॉड लँड भागातून आणलेला एक गाभा साठ मीटरहून थोडा जास्त लांब आहे. त्यात सुमारे ४७० वर्षे आहेत. म्हणजे तळाचे हिम पडले तेव्हा इथे विजयनगरचे राज्य अजून शाबूत होते.

वर्षे मोजता आली, ठीक. पण त्या वर्षी थंडी किती होती हे बर्फ कसे सांगणार? इथे प्राणवायू येतो.

पाण्याच्या कणात हायड्रोजनचे दोन अणू आणि प्राणवायूचा एक. प्राणवायूचे अणू सगळे एका वजनाचे नसतात. बहुतेक सोळा वजनाचे. साधारण पाचशेत एखादा अठरा वजनाचा. रसायन तेच, चव तीच, तहानही तशीच भागते. फक्त कण किंचित जड. समुद्राची वाफ होताना जड कण थोडा मागे राहतो. वाफेचे पाणी होऊन पाऊस पडताना तोच जड कण आधी खाली येतो. ढग जसजसा थंड प्रदेशाकडे सरकतो तसतसा त्यातला जड माल वाटेत उतरत जातो आणि मागे राहिलेली वाफ हलकी हलकी होत जाते. ध्रुवापर्यंत पोहोचते ती सगळ्यांत हलकी. जेवढी थंडी जास्त तेवढी वाटेतली गळती जास्त, म्हणून तेवढे तिथले हिम हलके.

मामांनी हे एका वाक्यात सांगितले. "राशी तूरिधंग." खळ्यावर वारा देताना भरलेले दाणे पायाशी पडतात आणि भुसा लांब उडतो, तसे. वीस वर्षे मी वर्गात हा भाग फळ्यावर बाण काढून शिकवतो आहे. खळ्याचा दाखला मला सुचला नव्हता. आता तोच देतो. (नव्या मुलांना खळे माहीत नसते ही गोष्ट वेगळी.)

हे सगळे ज्याने पहिल्यांदा पकडले तो विली डान्सगार्ड हा कोपनहेगनचा माणूस. १९२२ चा जन्म, २०११ मध्ये वारला. त्याच्या विद्यापीठात अणूंची वजने तोलणारे एक यंत्र होते. १९५२ च्या जूनमध्ये एका शनिवार-रविवारी कोपनहेगनला धो धो पाऊस लागला. डान्सगार्डने अंगणातल्या हिरवळीवर बिअरची रिकामी बाटली ठेवली, तिच्या तोंडात नरसाळे घातले आणि पाणी जमवले. एका सरीचे वेगळे, दुसऱ्या सरीचे वेगळे. मग यंत्रात घालून पाहिले. एकाच गावातल्या एकाच पावसाळी सुट्टीतले पाणी, पण सरीगणिक जड प्राणवायूचे प्रमाण निराळे! उंच, थंड ढगांतून आलेले पाणी जास्त हलके निघाले.

बाटली आणि नरसाळे, एवढ्यावर एक आख्खे शास्त्र उभे राहिले, याचे मला अजून नवल वाटते. आमच्या कॉलेजात उपकरणे नाहीत म्हणून प्रयोग नाहीत असे ऐकले की मी ही गोष्ट सांगतो. यंत्र त्याच्याकडे होते हे खरे, पण अंगणातल्या पावसाला प्रश्न विचारावा हे यंत्राला सुचलेले नव्हते.

दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, त्याने लिहिले की ग्रीनलंडच्या जुन्या बर्फात जुन्या काळाचे तापमान सापडायला हवे. मग जगभरच्या पावसाचे पाणी जमवण्याची व्यवस्था झाली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक हवामान संघटना यांनी १९६१ पासून ठिकठिकाणचे पावसाचे नमुने गोळा करायला सुरुवात केली; त्यात आपली मुंबई होती, दिल्ली होती. १९६४ मध्ये डान्सगार्डने या सगळ्यांचा हिशेब मांडला. थंड प्रदेशात वर्षाचे सरासरी तापमान एका अंशाने उतरले की जड प्राणवायूचे प्रमाण दर हजारी साधारण ०.७ ने उतरते. समुद्राच्या पाण्याला शून्य धरायचे. ग्रीनलंडच्या माथ्यावरचे आजचे हिम उणे पस्तीसच्या आसपास येते, अंटार्क्टिकाच्या पठाराच्या आतल्या भागात उणे पन्नासच्या आसपास.

आता बर्फ हवा होता, खोलवरचा. तो मिळाला अमेरिकेच्या लष्कराकडून. वायव्य ग्रीनलंडमध्ये, थुले तळापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक आत, १९५९ पासून लष्कराने बर्फाच्या पोटात एक गाव वसवले. नाव कँप सेंच्युरी. बर्फात खोदलेले बोगदे, त्यांत झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, आणि वीज पुरवायला एक छोटी अणुभट्टी. जगाला सांगितले हे संशोधन केंद्र आहे. मनात होते ते बर्फाखाली अण्वस्त्रे ठेवण्याचे. ती योजना डेन्मार्कलाही १९९० च्या दशकात कागद उघड झाल्यावर कळली. बर्फ स्थिर राहत नाही, सरकतो आणि बोगदे आवळतो, हे लक्षात आल्यावर १९६७ मध्ये ते गाव सोडून देण्यात आले. पण तत्पूर्वी १९६६ मध्ये तिथल्या यंत्राने सुमारे १,३९० मीटर खाली जाऊन बर्फाचा तळ गाठला होता. कुठल्याही हिमस्तराचा तळ गाठणारा हा पहिला छेद. अमेरिकेचे चेस्टर लँगवे त्या बर्फाचे काम बघत होते. डान्सगार्डने त्यांच्याकडे नमुने मागितले, त्यांनी ते दिले, आणि १९६९ मध्ये एक लाख वर्षांच्या हवामानाचा आलेख छापून आला.

या कँप सेंच्युरीची एक शेपटी आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बर्फाच्या तळाशी साडेतीन मीटर गोठलेली माती लागली होती. बर्फाचे कौतुक सगळ्यांना, मातीकडे कुणी पाहिले नाही. ती कोपनहेगनच्या शीतगृहात बरण्यांमध्ये पडून राहिली. २०१७ च्या सुमारास सामान हलवताना सापडली. धुऊन पाहिली तर त्यात पानाकाड्यांचे, शेवाळ्याचे तुकडे! २०२३ मध्ये छापलेल्या कामानुसार साधारण चार लाख वर्षांपूर्वी तिथे बर्फच नव्हता, उघडी जमीन होती. ज्या ग्रीनलंडला आपण कायमचे गोठलेले समजतो त्याचा हा कोपरा कधीतरी हिरवा होता.

पुढचे छेद आणखी खोल गेले. डाय-३ १९८१ मध्ये, ग्रीनलंडच्या माथ्यावरचा युरोपचा ग्रिप १९९२ मध्ये ३,०२९ मीटर, त्याच्या शेजारीच अमेरिकेचा जिस्प-२ १९९३ मध्ये, उत्तरेकडचा एनग्रिप २००३ मध्ये. दोन शेजारच्या छेदांतले आकडे वरच्या बहुतेक भागात एकमेकांशी इतके जुळले की शंका घ्यायला जागा उरली नाही. आणि त्यात एक अशी गोष्ट दिसली जी कुणी गृहीत धरली नव्हती. गेले हिमयुग एकसारखे थंड नव्हते. पंचवीसएक वेळा ग्रीनलंड एकाएकी तापले. काही दशकांत आठ, दहा, कधी पंधरा अंश! मग हळूहळू पुन्हा थंड. डान्सगार्ड आणि स्वित्झर्लंडचे हान्स ओशगर यांच्या नावाने हे झटके आज ओळखले जातात. काही दशके म्हणजे एका माणसाचे अर्धे आयुष्य. हवामान बदलते ते हजारो वर्षांत, असे मी स्वतः बी.ए.ला असताना वाचलेल्या पुस्तकात होते. बर्फाने ते खोडले.

वर्तमानपत्रांत कधी कधी 'बर्फाचा थर्मामीटर' असा मथळा येतो. तो मला पटत नाही. थर्मामीटर कुठेही लावा, तोच आकडा तेच सांगतो. प्राणवायूचे तसे नाही. ग्रीनलंडचीच गोष्ट घ्या. ०.७ च्या हिशेबाने हिमयुगात तिथे आजच्यापेक्षा साधारण दहा अंश जास्त थंडी निघत होती. पण छेद घेतल्यावर जे भोक उरते, त्यात तापमापक सोडून खोलवरच्या बर्फाचेच तापमान मोजता येते. जुन्या जाड मातीच्या भिंतीतून दुपारचे ऊन रात्री आत पोहोचते ना, तशी हिमयुगाची थंडी आजही त्या बर्फाच्या पोटात वाटेवर आहे. १९९५ मध्ये ही मोजणी झाली आणि उत्तर आले वीस अंशांहून जास्त. दुप्पट! प्राणवायू खोटे बोलला का? नाही. हिमयुगात तिथे हिवाळ्यात हिम फारसे पडतच नसावे, पडत असावे ते उन्हाळ्यात. आणि बर्फ फक्त हिम पडल्या दिवसाची नोंद ठेवतो, कोरड्या दिवसाची ठेवत नाही. एका पुराव्याला दुसऱ्या पुराव्याने तपासून घ्यावे लागते ते असे.

रात्री जेवताना साडूभाऊंनी त्यांचा मुद्दा काढला. ते वाचणारे गृहस्थ आहेत. "सर, तुम्हीच म्हणता हवामान आधीही उलटेपालटे झाले. तेव्हा कारखाने नव्हते, मोटारी नव्हत्या. मग आताच एवढा गवगवा कशाला?"

प्रश्न चुकीचा नाही, आणि त्याचे उत्तरही बर्फातच आहे, पण ग्रीनलंडच्या नव्हे, अंटार्क्टिकाच्या. तिथे हिम फार थोडे पडते. आतल्या पठारावर वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर पाण्याएवढे. कणकुंबीला एका जोरदार सरीत त्याहून जास्त पडते. ते बर्फाचे वाळवंटच आहे, पण थर पातळ म्हणून त्याच खोलीत वर्षे जास्त मावतात. रशियाच्या व्होस्तोक तळावर, जिथे १९८३ मध्ये उणे ८९.२ अंश नोंदले गेले, तिथल्या छेदाने चार लाख वीस हजार वर्षे दिली. युरोपच्या डोम-सी छेदाने आठ लाख. प्राणवायूने आणि त्याच्यासारख्याच जड हायड्रोजनने थंडी-उष्णतेच्या लाटा दाखवल्या, साधारण लाखा-लाखा वर्षांच्या अंतराने. त्यांची सुरुवात पृथ्वीच्या भ्रमणकक्षेतल्या बदलांनी होते, हे खरे. तिथे माणसाचा हात नाही. पण त्याच बर्फातले बुडबुडे फोडून हवा मोजली तेव्हा कार्बन डायऑक्साइडही त्याच लाटांबरोबर खालीवर झालेला दिसला. थंडीत दहा लाखांत १८० भाग, उबेत २८०, फार तर ३००. आठ लाख वर्षांत त्याने तीनशेची रेघ ओलांडली नाही. आज तो ४२० च्या वर आहे. निसर्ग स्वतःहून बदलतो याचा पुरावा दाखवणारा बर्फच, आजचा आकडा त्या नेहमीच्या चढउतारातला नाही, हेही दाखवतो. साडूभाऊंनी एवढेच म्हटले की आकडा पुन्हा सांगा, आणि मोबाइलमध्ये लिहून घेतला.

जानेवारी २०२५ मध्ये डोम-सीपासून जवळच लिटल डोम-सी इथे युरोपच्या तुकडीने २,८०० मीटरवर तळ गाठला. तो बर्फ किमान बारा लाख वर्षांचा आहे असे त्यांनी जाहीर केले. हिमयुगांचे चक्र पूर्वी चाळीस हजार वर्षांचे होते ते पुढे एक लाखाचे का झाले, याचा शोध त्यातून घ्यायचा आहे.

पण हे सगळे झाल्यावर मामांनी जे विचारले त्याने मला त्या रात्री जागे ठेवले. हातातले पान बाजूला ठेवून ते म्हणाले, "अदेल्ला खरे. मळी बग्गे एनर हेळतैतेनु अदु?"

बी घरात पडलेल्या माणसाचा हा प्रश्न. ग्रीनलंडच्या थंडीशी त्याला काय करायचे?

करायचे आहे. १९९८ मध्ये जर्मन संशोधकांनी अरबी समुद्राच्या तळाचा गाळ अभ्यासला, पाकिस्तानच्या किनाऱ्यापलीकडचा. नैऋत्य मान्सून जोरात असला की समुद्रात खालचे पाणी वर येते, जीवसृष्टी फोफावते, तळाशी काळपट थर साचतो. मान्सून दुबळा असला की थर फिका. गेल्या एक लाख दहा हजार वर्षांचे हे काळे-फिके पट्टे त्यांनी ग्रीनलंडच्या प्राणवायूच्या आलेखाशेजारी ठेवले. झटक्याला झटका जुळला. ग्रीनलंड तापले की आपला पाऊस जोर धरायचा, ग्रीनलंड गारठले की पाऊस मार खायचा. उत्तर अटलांटिकमधला उबदार पाण्याचा प्रवाह मंदावला की उत्तर गोलार्ध थंड होतो आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे ढकलला जातो, असे त्याचे कारण देतात. म्हणजे सड्यावरून जो समुद्र आम्ही बघत होतो, त्याचा गाळ आणि ग्रीनलंडचा बर्फ एकाच घटनेच्या दोन नोंदी आहेत.

मामांना मी हे सांगितले, आणि एक गोष्ट समजावायला वेळ लागला. पावसाचा प्रश्न आला की प्राणवायूचा अर्थ बदलतो. ध्रुवाकडे हलके पाणी म्हणजे जास्त थंडी. आपल्याकडे, उष्ण प्रदेशात, तापमानाचा प्रभाव फारसा नाही. तिथे पाऊस जितका जास्त तितके पाणी हलके, असा ढोबळ नियम. हेही डान्सगार्डनेच १९६४ मध्ये नोंदले होते. आमच्या घरात 'आई' म्हटले की माझ्या मुलाला त्याची आई आठवते आणि मामांना त्यांची आजी. शब्द तोच. कोण बोलतो आहे ते कळल्याशिवाय अर्थ लागत नाही.

आपल्याकडे बर्फ नाही, पण चुनखडीच्या गुहा आहेत. छतातून ठिबकणारे पाणी जमिनीवर चुन्याचे खांब रचत जाते आणि त्या चुन्यात पावसाच्या पाण्याचाच प्राणवायू अडकतो. मेघालयात सोहराजवळच्या मॉमलूह गुहेतल्या अशा एका खांबात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मान्सून मोडल्याची खूण सापडली. २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी गेल्या ११,७०० वर्षांचे तीन कालखंड पाडले. पहिल्या दोघांच्या सीमा त्यांनी ग्रीनलंडच्या एनग्रिप प्रकल्पातल्या बर्फावर आखल्या, तिसऱ्याची मॉमलूहच्या खांबावर. त्या तिसऱ्या कालखंडाचे नाव मेघालयन, आणि आपण त्यातच राहतो. आणखी जवळचे सांगतो. आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात अकळगवी नावाची गुहा आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या यादव, रमेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या खांबाचे वर्षावर्षाचे थर मोजले, प्रत्येकातला प्राणवायू तोलला आणि सुमारे ३३० वर्षांच्या पावसाचा चढउतार २००४ मध्ये प्रसिद्ध केला. खानापूरच्या पलीकडच्या रानातला पाऊस तो, शिवाजी महाराजांच्या काळापासूनचा.

मामांच्या घरात एक दुष्काळ अजून सांगितला जातो. ते त्याला धातू संवत्सराचा बर म्हणतात, म्हणजे १८७६ चा. त्यांच्या पणजोबांनी त्या वर्षी बैल विकले आणि घरातली तांब्याची भांडीही. यंदाही तसे होणार का, हे त्यांनी तोंडाने विचारले नाही, पण प्रश्न तोच होता. २०२३ चा पाऊस पुढे कसा गेला ते वाचकांना आठवत असेल. सरकारने राज्यातले बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर केले. मामांची पेरणी उशिरा झाली आणि पीक निम्म्याहून कमी आले. बैल मात्र विकावे लागले नाहीत.

जुन्या दुष्काळांची नोंद बर्फात आहे का, हे मी बेळगावला परतल्यावर शोधले. आहे. तिबेटमध्ये शिशापंग्मा शिखराच्या उतारावर दासुओपू नावाची हिमनदी आहे, ७,२०० मीटर उंचीवर. अमेरिकेच्या लॉनी थॉम्प्सन यांच्या तुकडीने १९९७ मध्ये तिथे छेद घेतले. त्या बर्फावर पडते ते हिम मान्सूनचे. पाऊस हुकला की कोरड्या जमिनीची धूळ आणि क्षार उडून तिथे जाऊन बसतात आणि त्या वर्षांच्या थरात त्यांचे प्रमाण वाढते. १८७६-७७ ची खूण तिथे आहे, धातू संवत्सराची. पण त्या गाभ्यातल्या हजार वर्षांत सगळ्यांत मोठी खूण तिची नाही. ती १७९० ते १७९६ ची आहे. त्याच काळात, १७९१-९२ मध्ये, दख्खनच्या मराठी आणि कानडी दोन्ही मुलखांत जो दुष्काळ पडला, त्याला इंग्रजी कागदपत्रांत कवट्यांचा दुष्काळ म्हटले आहे. मेलेली माणसे पुरायलाही कुणी उरले नव्हते म्हणून.